'सायबीण'चा वाटा

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, आमच्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात स्मारकासाठी शासनाकडे अर्ज करायचं ठरलं. रक्कम नऊ लाख पन्नास हजार रुपये. हजर होते सरपंच, ग्रामसेवक, वादळात गेलेल्या सहा खलाशांच्या घरची माणसं, समितीचा खजिनदार म्हणून मी, आणि बाहेरच्या पायरीवर नातालबाय. तिला बोलावणं गेलं नव्हतं. सहाही जण तिच्याच होडीवर गेले होते, त्यामुळे मालकिणीला बोलवावं की नाही यावर आदल्या दिवशी बरीच कुजबुज झाली होती. ती न बोलावता आली.

सरपंच म्हणाले, "आत ये गो बाय. खुर्ची आसा."

"खुर्चेर बसला की माणूस लवकर हो म्हणता," ती म्हणाली. "माका हंयच बरा."

ती पायरीवरच बसली. स्मारकाला जागा कुठली, हा प्रश्न निघाला तेव्हा उठून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या माडांखालची घ्या. थंयसून दर्या दिसता." एवढं बोलून निघून गेली. त्या जागेची किंमत आज काय आहे, हे मी सांगू शकतो. रिसॉर्टवाले तिच्या मागे लागले होते.

नातालबायचा जन्म नाताळचा, म्हणून ते नाव. तोंडवलीच्या अलीकडे, सुरूच्या बनातून रस्ता किनाऱ्याला लागतो तिथे तिचं घर. तिच्या आणि आमच्या घरामध्ये एक गडगा, म्हणजे दगड रचलेली भिंत, कमरेएवढ्या उंचीची. वीस वर्षं आमचे सगळे व्यवहार त्या गडग्यावरून झाले. गुडघ्याखाली येणारा फ्रॉक, खांद्यावर टॉवेल, आणि आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर आमच्या स्वयंपाकघरातलं मांजर उठायचं. मी पतसंस्थेत हिशेब बघतो, म्हणून मला ती 'हिशेबनीस' म्हणे. माझं खरं नाव तिने कधी घेतल्याचं आठवत नाही.

तिचा नवरा गोव्याच्या बाजूने बोटीवर नोकरीला होता. तो वारल्यावर त्याची पेन्शन सुरू झाली आणि थोडे पैसे एकरकमी आले. लोकांना वाटलं, लेकीला सोनं करील. तिने होडी केली. लेक म्हापशाला दिलेली. ती सणाला आली की सगळ्यांदेखत म्हणायची, "माझां सोनां थंय दर्यात तरंगता." नातालबाय हसून म्हणायची, "तरंगता मां? बुडाक नाय मां? मग बरा."

होडीचं नाव 'सायबीण'. हे नाव तिला चर्चमधल्या सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या मूर्तीवरून सुचलं आणि खलाशांना गावच्या देवीवरून पटलं. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, होता तिचा धाकटा भाऊ जुझे. बाकीचे पाच हिंदू, सगळे आमच्याच वाडीतले.

आता वाट्यांविषयी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा राग त्यातूनच निघालेला आहे.

आमच्याकडे होडी किनाऱ्याला लागली की मासळी विकून डिझेल आणि बर्फाचा खर्च आधी काढतात. उरलेल्याचे वाटे होतात. खलाशाला एकेक आणि होडीला तिचा. घरी खायला काढलेल्या मासळीचेही तसेच वाळूवर ढीग लावतात, माणसामागे एक आणि होडीचा एक. दुसरे मालक होडीचे म्हणून दोन घेतात, तीन घेतात. नातालबाय एकच घ्यायची. सहा माणसं, सातवी होडी, सगळे सारखे. होडीचा वाटा ती घरात खर्चायची नाही. बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात तो जायचा. रंग, फळ्या, इंजिनची दुरुस्ती, सगळं त्या डब्यातून. घर चालायचं पेन्शनवर. एखाद्या हंगामात मासळी कमी आली की ती होडीचा वाटा अर्धा करून माणसांत वाटायची. म्हणायची, "सायबीण उपाशी रवली तरी बोलाची नाय. माणसां बोलतत."

एकदा मी तिला सांगायला गेलो की याला आमच्या भाषेत घसारा म्हणतात, वस्तू जुनी होते त्याची तरतूद. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गडग्यावरून हात काढून घेतला.

"घसारो तुझ्या कपाटाक," ती म्हणाली. "ही जिती आसा."

मासळीच्या लिलावाला बाहेरचा एक व्यापारी यायचा. एके दिवशी घाईत तो होडीच्या ढिगावरून ओलांडून गेला. पायही लागला नव्हता. नातालबायने त्याला थांबवलं. "परत ये," म्हणाली. त्याला कळेना. तिने त्याला आल्या वाटेने मागे यायला लावलं आणि ढिगाला वळसा घालून जायला सांगितलं.

"बाय, मासळीच ती," तो म्हणाला.

"ता सायबिणीचा ताट आसा. तू जेवणाऱ्याच्या ताटावरसून जातंस?"

त्याने वळसा घातला. जुझे मागून म्हणाला, "शेठ, आमका तर ही दोनदा घालूक लावता." सगळे हसले, व्यापारीसुद्धा. पण पुढे तो कधी ओलांडून गेला नाही, आणि दुसरे व्यापारीही नाहीत.

नाताळला ती दोदोल करायची. तांदूळ, नारळाचा रस आणि काळा गूळ, तासन् तास ढवळून. त्याच्या वड्या पाडून ताट घेऊन ती होडीपाशी जायची. सहा जणांना सहा, आणि सातवी होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर. ती वडी दर वर्षी कावळा न्यायचा. नातालबाय त्याला शिव्या द्यायची. "खा रे मेल्या. जाळी ओढूक मात्र येव नको." खलाशांनी त्या कावळ्याला नाव ठेवलं होतं, आठवा वाटेकरी.

त्या सभेच्या आदल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या वादळात 'सायबीण' परत आली नाही.

त्या दिवसांविषयी मी लिहिणार नाही. चौघांचे देह मिळाले. दोघांचे मिळाले नाहीत. एक जुझे, आणि दुसरा आमच्या शेजारचा बाबलो, सुलोचनावहिनींचा नवरा. आठवडाभराने तोंडवलीच्या किनाऱ्यावर होडीच्या दोन फळ्या लागल्या. निळा रंग, एकीवर नावाची शेवटची अक्षरं. नातालबाय जाऊन त्या घेऊन आली. एक तिने भावासाठी ठेवली. पाद्रीने प्रार्थना म्हटली आणि शवपेटीत ती फळी ठेवून दफन केलं. दुसरी तिने डोक्यावर घेऊन सुलोचनावहिनींच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, नेऊन ठेवली. भटजींनी दर्भाचा पुतळा केला, तो त्या फळीवर ठेवला, आणि दोन्हीला मिळून अग्नी दिला.

गावाने हे पाहिलं होतं. म्हणून अर्ज करताना जे झालं ते कुणालाही खटकलं नाही.

स्मारक म्हणजे काय हवं होतं? चिऱ्यांचा एक ओटा, त्यावर दर्याकडे तोंड करून काळे दगड, दगडांवर नावं, बसायला जागा आणि येणाऱ्या होड्यांना दिसेल असा एक दिवा. एवढंच. अंदाजपत्रक मी आणि ग्रामसेवकांनी मिळून केलं. ते नऊ लाखांवर कसं गेलं, ते सांगतो. आम्ही मजुरीसकट धरले होते पाऊण लाख. पण शासनाच्या नमुन्यात प्रवेशद्वार हवं, वाहनतळ हवा, उद्घाटनाचा कोनशिला-फलक हवा, सल्लागाराची फी हवी. आमचा ओटा त्या सगळ्यात एका कोपऱ्यात उरला. एवढं कशाला, असं मी विचारलं. तालुक्याच्या कार्यालयातून उत्तर मिळालं, की लहान रकमेचे प्रस्ताव वर जातच नाहीत.

अर्जासोबत होडीमालकाचं निवेदन जोडायचं होतं. नातालबायने ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं. कार्यालयात जाणाऱ्या कागदावर ती शुद्ध मराठीच लिहायची. त्यात वाक्य होतं, "या वादळात माझ्या होडीवरचे सात वाटे गेले." खाली नावं. सहा खलाशांची, आणि सातवं, 'सायबीण', होडी. हे निवेदन सरपंचांनी वाचलं, ग्रामसेवकांनी वाचलं, सहा घरच्या माणसांनी सह्या करताना वाचलं. मी तर आकड्यांत जगणारा माणूस, मीही वाचलं. आमच्यापैकी एकालाही त्यात चूक दिसली नाही. आम्ही आयुष्यभर तसंच मोजत आलो होतो. सात वाटे गेले, हे आमच्या दृष्टीने खरं होतं.

होळीच्या सुमारास जिल्ह्याहून पत्र आलं. पोलीस नोंदीप्रमाणे मृत व बेपत्ता मिळून सहा, प्रस्तावात सात. सातव्या मृत व्यक्तीचा मृत्यू दाखला, वयाचा पुरावा आणि वारस दाखला सादर करावा.

नावापुढे 'होडी' असं लिहिलेलं होतं. ते वाचायला किती वेळ लागतो?

मी पत्र गडग्यावरून तिच्या हातात दिलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि हसली. वादळानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होतो. म्हणाली, "लिही रे हिशेबनीसा. वय अकरा. जन्म खाडीवरच्या सुताराकडे. लगीन झाला नाय. वारस नातालबाय."

"असं लिहून चालणार नाही," मी म्हटलं.

"मग तेंचा चालता कसा?"

मी साधं उत्तर तयार केलं. सातवी नोंद होडीची आहे, व्यक्तीची नाही, मृत व्यक्ती सहाच, कोणत्याही रकमेवर याचा परिणाम नाही. आणि ते खरंच होतं. स्मारकाचा निधी माणसामागे मिळत नाही. सहा लिहिले काय, सात लिहिले काय, शासनाचा एक रुपया इकडचा तिकडे होत नव्हता. हे मी उत्तरात अधोरेखित केलं.

त्याचा उपयोग झाला नाही. कुणीतरी तालुक्याच्या एका वार्ताहराच्या कानावर घातलं आणि बातमी आली की आमच्या गावाने स्मारकासाठी बोगस मयत दाखवला. चौकशीला जिल्ह्याहून दोघे जण आले. ते सहाही घरी गेले. सुलोचनावहिनींना त्यांनी विचारलं, तुमचा नवरा त्या दिवशी नक्की होडीवर होता ना, याला पुरावा काय. वहिनी आत गेल्या, नवऱ्याच्या चपला आणून त्यांच्यासमोर ठेवल्या. एकीचा पट्टा पोपडे उडालेला, दुसरीचा तारेने बांधलेला. "होडयेर जाताना हंय काढून गेले," त्या म्हणाल्या. "घालूक इले नाय." त्या दोघांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल, याचा विचार आजही मनात आला की माझं डोकं तापतं.

सरपंच वाईट माणूस नव्हे. त्यांना गावात काम व्हायला हवं होतं. ते सहाही घरच्या माणसांना घेऊन नातालबायच्या खळ्यात आले. मीही होतो.

"बाय, एक ओळ खोडायची आसा," ते म्हणाले. "एक ओळ. सहा जणांचा स्मारक होता. दगडार पुढे काय कोरूचा ता मागसून बघू."

"मागसून म्हणजे तुमी नसताना," नातालबाय म्हणाली.

"हट्ट कित्या करतंस? होडी ती. लाकूड."

तिचा चेहरा मी पाहत होतो. तिच्या मनात हो म्हणायचं आलं होतं, असं मला वाटलं. आपल्यामुळे सहा जणांचं अडतंय, हे ओझं तिला पेलवत नव्हतं. मालकीण होती ना ती. वादळानंतर काही लोकांनी तिच्या घरावरून जाताना मान फिरवली होती. आता स्मारकही हिच्यामुळेच गेलं, असं म्हणायला ते मोकळे होणार होते. तिने टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाली, "सुलोचनाक विचारा. ती म्हणात तसा."

सुलोचनावहिनी मागे माडाला टेकून उभ्या होत्या. सभेत कधी बोलत नाहीत.

"माझ्या घोवाचा काय एक माका गावूक नाय," त्या म्हणाल्या. "मी फळी जाळलंय. ती फळी तुमी खोडतल्यात?"

सरपंचांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पुढे कुणी खोडायची भाषा केली नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, सुनावणी लागली. सरपंच, नातालबाय आणि मी, तिघे एसटीने गेलो. तिने फ्रॉकवर शाल घेतली होती. केबिनमध्ये साहेब तरुण होते, बोलायला सभ्य. त्यांनी उठून खुर्ची पुढे केली.

"बसा, आजी."

"नको साहेब. बसले तर हो म्हणेन."

ते हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. मग त्यांनी फाईल उघडली आणि समजुतीच्या सुरात सांगू लागले. "तुमच्या भावना मला समजतात. पण योजना आपत्तीत मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या स्मृतीसाठी आहे. होडी ही मालमत्ता. मालमत्तेच्या नुकसानीची वेगळी योजना होती, तिची मुदत संपली. स्मृतिशिलेवर व्यक्तींव्यतिरिक्त नाव घेता येणार नाही. निकषात बसत नाही."

"दगडावर फक्त गेलेल्यांची नावं, असं ना?" तिने विचारलं. शुद्ध मराठीत, शांतपणे.

"हो. फक्त गेलेल्यांचीच."

फाईल टेबलावर उघडी होती. वर प्रस्तावित कोनशिला-फलकाचा नमुना होता, आमच्या अंदाजपत्रकात घालायला लावलेला. तो दगड स्मृतिशिलेहून मोठा. त्यावर कुणाच्या शुभहस्ते, कुणाच्या अध्यक्षतेखाली, कुणाच्या प्रमुख उपस्थितीत, कुणाच्या प्रयत्नातून. मी मोजली होती, अकरा नावं. खाली टीप होती, आवश्यकतेनुसार नावे वाढविता येतील.

नातालबायने वाकून त्या कागदावर बोट ठेवलं. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत बोट सावकाश खाली आणलं.

"आणि हे?" ती म्हणाली. तिची शुद्ध मराठी इथेच संपली. "हे खंयच्या वादळात गेले?"

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते म्हणाले, तो वेगळा विषय आहे. ती म्हणाली, नाय, दगड तोच, जागा माझी. मग तिने त्यांना फळ्यांची गोष्ट सांगितली. रडली नाही, आवाज चढवला नाही. एक फळी पुरली, एक जाळली, दोन घरांना एवढंच मिळालं. "तुमी सांगतास मालमत्ता. साहेब, मालमत्तेर कोण दर्भाचो पुतळो ठेयता?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटतं, त्यांना कळलं. कळलं होतं म्हणूनच माझा राग जास्त आहे. न कळणाऱ्यावर माणूस किती रागावणार? मग ते म्हणाले, "माझ्या हातात नाही. सुधारित प्रस्ताव द्या, नाहीतर नामंजूर म्हणून नोंद करावी लागेल."

ती सरपंचांकडे वळली. सरपंच भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत होते. मग म्हणाले, "करा नोंद." त्या दिवसापासून मी सरपंचांना दोन बोटं जास्त मान देतो.

परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. कसालला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "हिशेबनीसा, साडेनऊ लाखांक सात वाटे केले तर एक केदो होता?"

मी हिशेब करून सांगितलं, एक लाख पस्तीस हजार सातशे चौदा.

"बापरे," ती म्हणाली. "सायबिणीन जल्मात एवढा कमावूक नाय." आणि कुर्ली कशी शिजवावी यावर मागच्या सीटवरच्या बाईशी वाद घालायला लागली.

त्या वर्षाच्या अखेरीस आमच्याच किनाऱ्यावर दुसरं काम मंजूर झालं, किनारा सुशोभीकरण. रंगीत फरशा, फायबरचा डॉल्फिन, गावाच्या नावाची मोठी अक्षरं आणि त्यापुढे लाल बदाम, फोटो काढायला. त्याला कुणी मृत्यू दाखला मागितला नाही. डॉल्फिनचं वय विचारलं नाही. कोनशिला बसली, तिच्यावर अकराची चौदा नावं झाली. पर्यटक डॉल्फिनच्या पाठीवर मुलं बसवतात. सहा खलाशी जिथून शेवटचे निघाले, ती जागा त्या बदामापासून वीस पावलांवर आहे. तिथे काही लिहिलेलं नाही.

नातालबाय उद्घाटनाला गेली होती. परत येताना गडग्याशी थांबून म्हणाली, "डॉल्फिन बरो आसा. जाळयेत गावलो तर सोडूचो लागता, म्हणान सिमेटात घट्ट करून ठेयलो."

मग एके दिवशी तिने तो बिस्किटांचा डबा गडग्यावर आणून ठेवला. होडीचा वाटा. वादळानंतर त्यात भर पडली नव्हती आणि तिने त्यातून काढलंही नव्हतं. "मोज," म्हणाली. मी मोजले. सत्तेचाळीस हजार दोनशे रुपये.

"हे नवी होडी घेवक पुराचे नाय," ती म्हणाली. "आणि माका आता होडी घेवची पण नाय. दगडांक पुरतीत?"

मी म्हटलं, प्रवेशद्वार आणि वाहनतळ सोडला आणि मजुरी गावाने केली तर पुरतील.

खारेपाटणचे इब्राहिमभाई दगडाचं काम करतात. ते येऊन जागा बघून गेले आणि दगड घेऊन आले. ओट्याचे चिरे गावातल्या माणसांनी आपापल्या हातांनी रचले, सरपंचांनीही दोन दिवस घमेली उचलली. सहा दगडांवर सहा नावं आली. सातव्यावर 'सायबीण'. इब्राहिमभाईंनी कुणी न सांगता त्या नावाखाली एक छोटी होडी कोरली. नातालबायने ती बघितली आणि म्हणाली, "शीड कित्या घातलंस? तिका इंजिन होता." पण पुसायला सांगितलं नाही.

तोवर तिची तब्येत उतरली होती. लेक म्हापशाहून तिला न्यायला आली होती, सामान बांधून झालं होतं. तिथेच ती पुढल्या पावसाळ्यात वारली. मी तिला शेवटची पाहिली ती निघण्याच्या दिवशी सकाळी, त्या ओट्यावर. नाताळला अजून अवकाश होता, तरी तिने दोदोल केलं होतं. सहा दगडांवर सहा वड्या ठेवून झाल्या होत्या. सातवी हातात घेऊन ती सातव्या दगडाशी उभी होती आणि इब्राहिमभाई तिला सांगत होते, "बाय, सहांचेच पैसे दी. होडयेचो दगड माझ्याकडसून."

"नाय," ती म्हणाली.

"अगो, पुण्य लागात माका."

"पुण्य दुसरीकडे कर. सायबीण कोणाच्या फुकटाचा खायना. तिचो वाटो तिका पुरो." वडी तिने दगडावर ठेवली आणि माझ्याकडे वळली. "सरकारान सहा मोजले. हेका सात मोजून दी रे हिशेबनीसा."

मी डबा उघडला. तिला उभं राहवत नव्हतं. ती ओट्याच्या कडेवर, दगडाला पाठ लावून, दर्याकडे तोंड करून बसली. माडावरचा कावळा खाली उतरला होता आणि तिने त्याला शिवी दिली नाही.

हिशेब असा. स्मारकासाठी शासनाकडून मिळाले, शून्य रुपये. त्याच किनाऱ्यावर सुशोभीकरणापोटी बाहेरच्या एका ठेकेदाराला अदा झाले, नऊ लाख अठ्ठ्याहत्तर हजार. 'सायबीण'च्या वाट्यातून चिरे, सिमेंट आणि दिव्याला गेले, पंधरा हजार सातशे. दगडामागे साडेचार हजार या दराने खारेपाटणच्या इब्राहिमभाईंना दिले, एकतीस हजार पाचशे रुपये रोख. सात दगडांचे. डब्यात काही उरलं नाही.